रोपण केलेल्या मूलपेशी आणि चमकणारे नॅनोकण: पडद्यावर दिसतं ते नेमकं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माणसाच्या चरबीतून काढलेल्या मेसेनकायमल मूलपेशींमध्ये (चरबी, हाड, कूर्चा बनवू शकणाऱ्या पेशींमध्ये) क्वांटम डॉट, म्हणजे प्रकाश टाकल्यावर चमकणारे अतिसूक्ष्म स्फटिक, भरायचे, त्या उंदराच्या शेपटीच्या शिरेतून सोडायच्या आणि त्या कुठे जातात, किती दिवस टिकतात हे कॅमेऱ्याने पाहायचं. यासाठी कुठले कण घ्यावेत? चमक दिसली की पेशी रुजल्या, असं प्रबंधात लिहिता येईल का? आणि हेच माणसांत का करत नाहीत?

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी दोन्हींची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. नाही, असं लिहिता येणार नाही. कॅमेरा कणाची जागा दाखवतो. कण अजून पेशीच्या आत आहे, ती पेशी तुम्हीच सोडलेली आहे आणि ती जिवंत आहे, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात. बॅग स्वारगेटला पोचली म्हणून प्रवासीही पोचला असं होत नाही. या क्षेत्रातले कितीतरी चुकीचे निष्कर्ष नेमके इथेच निघाले आहेत.

कण पेशीत कसा जातो ते पाहिलं की अडचण लक्षात येते. पेशी त्याला पटलाच्या घडीत घेऊन गिळते आणि तो आतल्या पिशव्यांमध्ये, बहुतेकदा लायसोसोम या पेशीच्या आम्लयुक्त पचनपिशवीत, जाऊन बसतो. त्याचं पेशीच्या जनुकांशी काही नातं जडत नाही. पेशी मेली, फुटली, तरी कण तसाच राहतो आणि चमकतही राहतो. मग शेजारची भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, मेलेल्या पेशीचे अवशेष कणांसकट गिळते. आता चमक पुन्हा एका जिवंत पेशीच्या आत, केंद्रकाच्या शेजारी, अगदी व्यवस्थित दिसते. फक्त ती पेशी उंदराची असते. २००८ मध्ये टेरोव्हिटिस आणि सहकाऱ्यांनी हे लोहाच्या कणांबाबत स्पष्ट दाखवलं. लोहाची खूण केलेल्या पेशी त्यांनी हृदयात टोचल्या. पेशी नाहीशा झाल्यावरही एमआरआयवर खूण दिसत राहिली, आणि ऊतींचे काप काढून पाहिल्यावर लोह सापडलं ते मॅक्रोफेजमध्ये. त्यांचे कण फ्लुरोसंट नव्हते, पण चमकणाऱ्या कणांना हेच जसंच्या तसं लागू पडतं.

उलट बाजूही आहे. पेशी विभागली की तिच्यातले कण दोन पिल्लांत वाटले जातात. दहा विभागण्यांनंतर प्रत्येक पेशीच्या वाट्याला सरासरी मूळच्या १०२४ व्या भागाइतके कण उरतात, म्हणजे व्यवहारात काहीच नाही. त्यामुळे ज्या पेशी सर्वात चांगल्या रुजल्या आणि वाढल्या, त्याच आधी दिसेनाशा होतात, आणि ज्या निपचित पडून राहिल्या किंवा मेल्या त्यांची खूण टिकते. चमकीचा आलेख खाली आला तर पेशी मेल्या की वाढल्या, हे त्या आलेखावरून सांगता येत नाही.

तुमच्या प्रयोगात, म्हणजे शिरेतून पेशी सोडण्यात, हा गोंधळ सर्वात जास्त होतो. तबकडीत वाढवलेली मेसेनकायमल पेशी साधारण १५ ते ३० मायक्रॉन व्यासाची असते आणि फुफ्फुसातली केशवाहिनी १० मायक्रॉनहूनही अरुंद. शेपटीच्या शिरेतून गेलेल्या पेशी हृदयाच्या उजव्या कप्प्यातून थेट फुफ्फुसात जातात आणि बहुसंख्य तिथेच अडकतात. पहिल्या तासाच्या चित्रात छाती चमकेल. नंतर छातीतली चमक कमी होईल आणि यकृत व प्लीहा उजळतील. इथेच अनेक जण ‘पेशी यकृताकडे स्थलांतरित झाल्या’ असं लिहून मोकळे होतात. पण यकृत आणि प्लीहा ही रक्तातले मोकळे नॅनोकण गोळा होण्याचीही नेहमीचीच ठिकाणं आहेत. दोन्ही शक्यतांचं चित्र एकसारखंच दिसतं. एगेनहोफर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये क्रोमियम-५१ या किरणोत्सारी पदार्थाची खूण लावलेल्या पेशी उंदरात सोडून हे तपासलं होतं. किरणोत्सार यकृतात पोचला, पण तिथून जिवंत मेसेनकायमल पेशी मिळाल्या नाहीत. जिवंत पेशी मिळाल्या त्या फुफ्फुसात, आणि तिथेही एका दिवसानंतर जवळजवळ नाहीच.

याचा अर्थ अशा पेशींचा उपयोग शून्य, असा मात्र काढू नका. २००९ मध्ये प्रॉकॉप यांच्या गटाने दाखवलं की हृदयविकाराचा झटका आलेल्या उंदरांत मानवी मेसेनकायमल पेशी फुफ्फुसातच अडकून राहिल्या, तरी तिथून त्यांनी टीएसजी-६ नावाचं दाह कमी करणारं प्रथिन सोडलं आणि हृदयाला फायदा झाला. म्हणजे पेशी जिथे काम दिसतं तिथे असतीलच असं नाही. माग नीट काढणं यासाठीच मोलाचं आहे: पेशी कुठे नाहीत हे पक्कं कळलं की उपचार कसा चालतो याचा विचारच बदलतो.

चमकीवर विसंबण्याचा धोका किती मोठा असू शकतो, त्याचं हृदयातलंच एक उदाहरण सांगते. २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये ऑर्लिक, अँव्हर्सा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. अस्थिमज्जेतल्या पेशी उंदराच्या इजा झालेल्या हृदयात टोचल्या की त्यांचे हृदयस्नायू बनतात, असा दावा होता. पुराव्याचा मोठा भाग जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनावर उभा होता. हा निबंध येताच जगभर रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. २००४ मध्ये त्याच नियतकालिकात दोन स्वतंत्र गटांनी सांगितलं की आम्हाला असं काही दिसत नाही. टोचलेल्या पेशी रक्ताच्याच पेशी बनतात. हृदयस्नायूत लायपोफुसिन या रंगद्रव्यासारखे पदार्थ आपोआप चमकतात आणि ही चमक जीएफपीच्या पट्ट्यात सहज मिसळते, हा मुद्दा त्या वादात वारंवार आला. पुढे अँव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेच्या कामात बनावट आकडेवारी सापडली आणि २०१८ मध्ये हार्वर्डने ३१ शोधनिबंध मागे घेण्याची शिफारस केली. म्हणजे सगळा दोष चमकीचा नव्हता. पण हिरवा ठिपका पाहून तो आपलाच समजण्याची घाई किती महाग पडते, हे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी या प्रकरणावरूनच समजावते.

आता कुठले कण घ्यावेत ते पाहू.

क्वांटम डॉटची मोहिनी मला कळते. कॅडमियम सेलेनाइडचा काही नॅनोमीटरचा स्फटिक, वर झिंक सल्फाइडचं कवच; आकार वाढवला की रंग निळ्या-हिरव्याकडून लालकडे सरकतो. एकाच प्रकाशस्रोताने अनेक रंग उजळवता येतात आणि साध्या रंगद्रव्यांसारखे ते चटकन फिके पडत नाहीत. या शोधासाठी बवेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मानवी मेसेनकायमल पेशींत क्वांटम डॉट भरून त्या उंदीरवर्गीय प्राण्याच्या हृदयात आठ आठवड्यांपर्यंत एकेक ओळखता येतात, हे २००७ मध्येच दाखवलं गेलं आहे. पण तो पुरावा ऊतींच्या कापांतून मिळवलेला होता, जिवंत प्राण्याच्या बाहेरून नव्हे.

अडचण कॅडमियमची. डर्फस, चॅन आणि भाटिया यांनी २००४ मध्ये यकृताच्या पेशींवर दाखवलं की पृष्ठभागाचं ऑक्सिडीकरण झालं किंवा अतिनील प्रकाश पडला तर कॅडमियमचे आयन सुटतात आणि पेशी मरतात. चांगल्या कवचाने हे खूप कमी होतं, पूर्णपणे थांबेलच असं नाही, आणि तुमचे कण लायसोसोमच्या आम्लात आठवडेच्या आठवडे बसणार आहेत. दोन-तीन दिवसांचा प्रयोग असेल तर क्वांटम डॉट जरूर वापरा. महिनाभराचा असेल तर मी वापरणार नाही.

दीर्घ मुदतीसाठी माझा कौल नॅनोडायमंडला. हिऱ्याच्या जाळीत एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी, अशी जोडी असली की ते ठिकाण हिरवा प्रकाश घेऊन लाल प्रकाश सोडतं. हे दोष मुद्दाम तयार करतात: हिऱ्याच्या बारीक भुकटीवर प्रोटॉन किंवा हेलियमचा मारा करतात आणि मग ती सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापवतात. दोष जाळीच्या आत बंदिस्त असल्यामुळे कितीही प्रकाश टाकला तरी कण फिका पडत नाही. कार्बन असल्याने विषारी आयन सुटण्याचा प्रश्न नाही.

पण मला सर्वात भावणारा गुण वेगळाच आहे. ऊतींची स्वतःची चमक प्रकाशाचा झोत बंद झाल्यावर बहुतेक ५ नॅनोसेकंदांच्या आत विझते. नॅनोडायमंडची चमक १० नॅनोसेकंदांहून जास्त टिकते. म्हणून झोत टाकल्यावर लगेच न पाहता १० नॅनोसेकंद थांबून प्रकाश टिपणारा शोधक उघडला, तर ऊतींची चमक जवळपास संपलेली असते आणि उरतो तो हिरा. तैवानच्या अकॅडेमिया सिनिकातल्या गटाने २०१३ मध्ये हेच वापरलं. नॅफ्थालीन देऊन उंदरांच्या श्वासनलिकांच्या अस्तराला इजा केली, फुफ्फुसातल्या मूलपेशींत नॅनोडायमंड भरून त्या शिरेतून सोडल्या, आणि सात दिवसांनीही त्या सर्वात टोकाच्या सूक्ष्म श्वासनलिकांपाशी, म्हणजे इजा झाली होती तिथेच, एकेक करून ओळखता आल्या. तैवानमधूनच २०१७ मध्ये हे काम छोट्या जातीच्या डुकरांपर्यंत गेलं. तिथे अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचं वेष्टन चढवलेले कण मानवी वारेतल्या (प्लासेंटातल्या) मूलपेशींत भरले होते. चुंबकीय क्षेत्रात या हिऱ्यांची चमक थोडी मंदावते. चुंबक ठरावीक लयीत चालू-बंद केला आणि त्या लयीत हलणारा प्रकाश तेवढा मोजला, की पार्श्वभूमीची चमक गळून जाते आणि अवयवात किती पेशींचे कण आहेत याचा आकडा काढता येतो. ‘दिसलं’ आणि ‘मोजलं’ यांतला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

नॅनोडायमंडची मर्यादाही सांगते. कण क्वांटम डॉटइतका प्रखर नसतो, आणि पुरेशी चमक हवी तर सुमारे १०० नॅनोमीटरचा कण लागतो. बाहेरून अख्ख्या उंदराचं चित्र काढायला तो अपुरा पडतो. कापांत आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याला तोड नाही. अख्ख्या प्राण्याचं चित्र हवंच असेल तर गुच्छ झाल्यावर अधिक चमकणारे सेंद्रिय कण, ज्यांना एआयई डॉट म्हणतात, ते पाहा; त्यांनी पायाचा रक्तपुरवठा तोडलेल्या उंदरांत चरबीच्या मूलपेशींचा ४२ दिवस माग काढल्याचं २०१४ चं काम आहे, आणि तुमच्याही पेशी चरबीच्याच आहेत. अपकन्व्हर्जनचे कण (कमी ऊर्जेचा प्रकाश घेऊन जास्त ऊर्जेचा सोडणारे) ९८० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशावर चालतात, त्यामुळे ऊतींची चमक उठतच नाही, पण त्या तरंगलांबीला पाणी तापतं, हे लक्षात ठेवा.

कण कुठलेही असोत, पेशीत भरण्याची पायरी घाईने उरकू नका. मिठाच्या द्रावणात उघडे कण गुठळ्या करतात आणि गुठळी पेशीच्या अंगाला बाहेरून चिकटून बसते. अल्ब्युमिनचं वेष्टन इथे कामी येतं. काही तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: ठिपके केंद्रकाच्या भोवती गोळा झालेले दिसले तर कण आत आहेत, पेशीच्या कडेने कडं दिसलं तर ते बाहेर चिकटलेत. धुण्याच्या शेवटच्या पाण्याची चमक मोजून ठेवा. ते पाणी चमकत असेल तर तुम्ही उंदराला पेशींबरोबर मोकळे कणही टोचणार आहात. मात्रा दिसेल इतकीच ठेवा, जास्तीत जास्त नको.

त्यानंतर पेशी अजून मूलपेशीसारख्या वागतात का ते पाहा, आणि तिन्ही दिशांनी पाहा: चरबीसाठी ऑइल रेड ओ हा रंग, हाडासाठी अॅलिझरिन रेड, कूर्चेसाठी अल्शियन ब्लू. दोन चाचण्या करून तिसरी सोडू नका. लोहाचे फेरिडेक्स कण भरलेल्या मेसेनकायमल पेशी चरबी आणि हाड बनवत राहिल्या, पण कूर्चा बनवेनात, हे २००४ मध्ये कोस्तुरा आणि सहकाऱ्यांना आढळलं होतं. तिसरी चाचणी केली नसती तर ते कळलंच नसतं.

उंदराच्या बाबतीतल्या दोन-तीन गोष्टी मार्गदर्शक सांगायला विसरतात. पेशी मानवी आहेत, तेव्हा प्रतिकारशक्ती शाबूत असलेला उंदीर त्या नाकारू शकतो. न्यूड (बिनकेसांची, दुबळ्या प्रतिकारशक्तीची) किंवा त्याहून दुबळ्या प्रतिकारशक्तीची जात घ्या. काळ्या उंदराच्या त्वचेतलं आणि केसांतलं मेलॅनिन प्रकाश पिऊन टाकतं. आणि नेहमीच्या खाद्यात लसूणघास असतो. त्यातलं हरितद्रव्य आतड्यात लाल चमकतं, थेट तुमच्या कणांच्या पट्ट्यात. पोटात चमकणारा मोठा डाग दिसला आणि कुणी त्याला ‘आतड्यात रुजलेल्या पेशी’ म्हटलं, तर आधी खाद्याची पिशवी पाहावी. चित्रं काढण्याच्या आठवडाभर आधीपासून लसूणघास नसलेलं शुद्ध खाद्य द्या.

आता नियंत्रण गट. पेशींशिवाय नुसते कण टोचलेला गट हवा. कण भरून मग गोठवून-वितळवून मारलेल्या पेशींचा गट हवा. हाच सर्वात महत्त्वाचा आणि हाच सर्वात जास्त वेळा गाळला जातो. खूण नसलेल्या पेशींचा गट हवा, आणि काहीच न दिलेला गटही. जिवंत पेशी, मेलेल्या पेशी आणि नुसते कण यांचे आलेख एकसारखे आले, तर तुम्ही कण मोजत आहात. ते वेगळे आले, तर त्या फरकात तुमच्या पेशींची माहिती आहे.

शिवाय कणापासून स्वतंत्र अशी पेशीची एक तरी ओळख हवी. पेशी मानवी असणं इथे तुमच्या पथ्यावर पडतं: अवयवातून डीएनए काढून मानवी डीएनएत वारंवार येणारे अॅलू क्रम शोधणारी पीसीआर चाचणी करा, आणि कापांवर मानवी केंद्रक ओळखणारं प्रतिपिंड वापरा. त्याच कापावर एफ४/८० या ओळखखुणेने उंदराची मॅक्रोफेज रंगवा. चमक मानवी केंद्रकाभोवती असेल तर पेशी तुमची. एफ४/८० च्या आत असेल तर ती गिळलेली. जिवंतपणाचा पुरावा हवा असेल तर पेशींत ल्युसिफरेजचं (काजव्याला प्रकाश देणाऱ्या विकराचं) जनुक घाला. त्या प्रकाशाला एटीपी (पेशीतलं ऊर्जा पुरवणारं रसायन) आणि ऑक्सिजन लागतो, म्हणून तो फक्त जिवंत पेशीतून येतो, आणि जनुक विभागणीत पातळही होत नाही. जिवंत किती हे ल्युसिफरेज सांगेल, नेमक्या कुठे हे नॅनोकण सांगतील. माझ्या मते आजघडीला विश्वासार्ह माग काढायचा तो असा दोन्ही मिळून.

माणसांत हे का करत नाहीत? पहिलं कारण खोलीचं. ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात ऊती त्यातल्या त्यात पारदर्शक असतात, कारण खाली हिमोग्लोबिन प्रकाश शोषतं आणि वर पाणी. तरीही विखुरण्यामुळे एखाद-दोन सेंटिमीटरपलीकडे एखाद्या पेशीसमूहाची जागा धूसर होत जाते. उंदराची जाडीच तेवढी असते. माणसाचं हृदय छातीच्या पिंजऱ्यामागे असतं आणि यकृत त्याहून मोठं.

दुसरं कारण कण शरीरातून बाहेर पडण्याचं. क्वांटम डॉटचा पाण्यातला एकूण व्यास ५.५ नॅनोमीटरहून कमी असेल तर तो मूत्रपिंडातून लघवीवाटे जातो, हे २००७ मध्ये चोई आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पेशीत आठवडे टिकणारे बहुतेक कण याहून मोठे असतात. २०१२ मध्ये ऱ्हीसस माकडांना क्वांटम डॉट दिले तेव्हा ९० दिवसांत विषबाधेची लक्षणं दिसली नाहीत, पण बहुतेक कॅडमियम यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडांतच राहिलं. पेशी मेल्यावर कण शरीरात किती वर्षं राहणार, याचं उत्तर दिल्याशिवाय ते निरोगी होऊ पाहणाऱ्या रुग्णात टोचणं योग्य नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या सिलिकाच्या फ्लुरोसंट कणांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये मानवी चाचणीची परवानगी दिली, पण ते लघवीतून निघून जावेत असे घडवलेले आहेत आणि काम आहे गाठी शोधण्याचं.

माणसांत पेशींचा माग काढला गेला तो एमआरआय आणि किरणोत्सारी खुणांनी. २००५ मध्ये नेदरलँड्समध्ये त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांना लोहाची आणि इंडियम-१११ या किरणोत्सारी पदार्थाची खूण असलेल्या डेंड्रिटिक पेशी (प्रतिकारशक्तीला लक्ष्य दाखवणाऱ्या) लसीकाग्रंथीत टोचल्या. सोनोग्राफीखाली टोचूनही निम्म्याच रुग्णांत त्या ग्रंथीत नीट पडल्याचं एमआरआयने दाखवलं. बाकीच्यांत उपचार चालला नसता तर दोष पेशींना दिला गेला असता. मागोव्याचा रुग्णाला थेट उपयोग कुठे आहे, हे यातून कळतं.

रुग्णांचे नातेवाईकही हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारतात: ‘डॉक्टर, मूलपेशी गुडघ्यातच राहिल्या हे तुम्ही दाखवू शकता का?’ त्यांना सांगते की चमकणाऱ्या कणांनी ते आज दाखवता येत नाही. कुणी पडद्यावरचं रंगीत चित्र दाखवून खात्री देत असेल, तर हा उपचार मान्यताप्राप्त आहे की नोंदणी झालेल्या चाचणीचा भाग आहे, ते आधी विचारा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही मर्यादा स्पष्ट घातलेली आहे.

आता तुमच्या कामाकडे. प्रबंधात ‘पेशी यकृतात रुजल्या’ न लिहिता ‘कणांची चमक यकृतात आढळली, त्याच ठिकाणी मानवी डीएनए आढळला किंवा आढळला नाही’ असं लिहा. पैसे कमी असतील तर चित्रं काढण्याचे दिवस कमी करा, मेलेल्या पेशींचा गट काढू नका. आणि हे सगळे गट प्राणी नीतिशास्त्र समितीच्या पहिल्याच अर्जात मांडा, प्रत्येक गटात किती उंदीर आणि का, हे लिहून. परीक्षकाने नंतर गट मागितला तर वाढीव प्राण्यांसाठी पुन्हा मंजुरी लागते, आणि तोवर पेशींची ती पिढी संपलेली असते.